वाचन कुतूहलावर टिकतं, सवयीवर, की ८:१२ च्या फास्टवर?

खिडकीपाशी (धागाकर्ता) | शनि, १७ जानेवारी, ९:४०

नमस्कार मंडळी. आधी कबुली देऊन टाकतो.

२००८ ते २०२० अशी बारा वर्षं मी डोंबिवली ते सीएसएमटी केलं. जाऊन-येऊन अडीच तास. सकाळी उभ्यानं, संध्याकाळी नशिबात असली तर खिडकी. पिशवीत डबा, छत्री आणि वाचनालयाचं पुस्तक. पारसिकच्या बोगद्यात डब्यात काही सुचायचं नाही, तेवढं मिनिटभर पुस्तक मिटायचं, बाहेर पडलो की पुन्हा उघडायचं. त्या बारा वर्षांत जेवढं वाचलं तेवढं शाळा-कॉलेजात मिळूनही वाचलं नव्हतं.

२०२० मध्ये ऑफिस घरी आलं आणि अजून बरंचसं घरीच आहे. म्हणजे रोजचे अडीच तास आयते हातात पडले. वाचन दुप्पट व्हायला हवं होतं की नाही? गेल्या वर्षी मी दीड पुस्तक वाचलं. त्यातलं अर्धं दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो तेव्हा.

मला वाटायचं, आपल्याला पुस्तकांचं वेड आहे. आता संशय येतोय की वेडबिड काही नव्हतं, फक्त लोकल होती. बायको त्याहून स्पष्ट बोलते: "तेव्हा तुझ्या फोनला रेंज नसायची."

दुसरी गोष्ट. बुधवारी संक्रांत झाली. मुलीनं (वय १०) विचारलं, "बाबा, बाकीचे सण कुठल्याही तारखेला येतात, संक्रांतच का १४ ला? आणि १४ ला असते तर २०२४ ला १५ ला कशी होती?" मी फोन काढला, तीन ओळी वाचल्या, तिला दोन सांगितल्या. ती "बरं" म्हणाली आणि हलव्याकडे वळली. सगळं मिळून चाळीस सेकंद. तेव्हापासून काहीतरी खटकतंय. हाच प्रश्न २०१२ साली पडला असता तर तो डोक्यात घेऊन मी शनिवारपर्यंत फिरलो असतो, वाचनालयात काहीतरी धुंडाळलं असतं, ते मिळालं नसतं तर भलतंच काही घेऊन आलो असतो.

तर सांगा, तुमचं वाचन कशावर चालतं? आणि ज्यांचं तुटलं होतं त्यांचं परत कसं जुळलं? उपदेश नकोत, अनुभव हवेत. "फोन बाजूला ठेवा" म्हणणाऱ्याला तिळगूळ मिळणार नाही.

कावळा_उवाच | ९:५२

फोन बाजूला ठेवा.

अडाणी_अभियंता | १०:०५

सवय. विषय संपला.

रोज २० पानं. वर्षाची ७,३०० झाली. पुस्तक सरासरी अडीचशे पानांचं धरा, २९ पुस्तकं होतात. मी एक्सेलमध्ये नोंद ठेवतो, गेल्या वर्षी ३१ भरली (दोन दिवाळी अंक धरून). कुतूहल चांगलंच असतं, पण ते सोमवारी असतं आणि मंगळवारी नसतं. दात घासायला कुतूहल लागतं का?

मी_पुणेरी_नाही | १०:११

दात घासायला लागत नाही, पण दात घासण्यावर कोणी धागाही काढत नाही.

कावळा_उवाच | १०:१३

दिवाळी अंक धरून ३१? आक्षेप. अंकातल्या जाहिरातींची पानं वजा करा.

अडाणी_अभियंता | १०:१५

केली आहेत.

दोन_शिट्ट्या | ११:३०

आमच्याकडे लोकल नाही, कुकर आहे. आयडी त्यावरूनच घेतलाय.

लग्नानंतर पहिली सहा-सात वर्षं मी काहीच वाचलं नाही. वेळ नव्हता असं नाही. बाई पुस्तक घेऊन बसलेली दिसली की घरात प्रत्येकाला काहीतरी आठवायचं. पाणी दे, बटण लाव, दूध बघ. उभी राहून ओट्याशी काहीतरी करताना दिसलं की मात्र कोणी हाक मारत नाही. हे लक्षात आलं त्या दिवशी मी पुस्तक ओट्यावर आणलं. पान उलटू नये म्हणून वर लाटणं. वरणाच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दीड पान होतं. छोले असले तर चैन.

सासूबाई सुरुवातीला "पोळी करपली बघ" म्हणायच्या, करपलेली नसताना. एकदा मी एक गोष्ट वाचता वाचता हसले. त्यांनी विचारलं काय झालं. सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडताना म्हणाल्या, "त्या बाईचं पुढं काय झालं गं?" मलाच पुढचं माहीत नव्हतं. मग रोज दुपारी अर्धा तास मोठ्यानं वाचन, त्या शेंगा सोलणार, मी वाचणार. आठ वर्षं चाललं ते. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पण "हे असं का लिहिलंय, हिला सोडून तिच्याबद्दल का सांगतोय?" असे प्रश्न विचारायच्या की मला मागची पानं उलटावी लागायची.

त्या गेल्यावर माझंही वाचन वर्षभर बंद होतं. ना कुतूहल ना सवय, कोणीतरी पुढचं विचारणारं नव्हतं. तेव्हा तुमच्या यादीत हे तिसरं घाला.

(वाचनालयातल्या ताई अजून माझी पुस्तकं परत घेताना वास घेतात. एकदा म्हणाल्या, "आज लसणाची फोडणी वाटतं.")

खिडकीपाशी | ११:४१

ताई, हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती गप्प आहे. ही घटना दुर्मीळ आहे.

अक्कलखाते | १२:०२

मला एक कळत नाही. नाही वाचलं तर काय बिघडलं? धागाकर्त्यांनी लोकलमध्ये वाचलं कारण दुसरं काही करता येत नव्हतं. आता करता येतंय, तर मुलीबरोबर हलवा खातायत. चांगलंच आहे की. वाचणाऱ्या लोकांना उगाच वाटतं आपण वरच्या पायरीवर आहोत. आमचे एक नातेवाईक हजार पुस्तकं बाळगून आहेत आणि रिक्षावाल्याशी कसे बोलतात ते ऐका एकदा.

मी_पुणेरी_नाही | १२:०९

काडी टाकलीत. पण नातेवाइकांबद्दल सहमत. माझेही तेच नातेवाईक असावेत.

जुनी_पेन्शन | १६:२०

दुपारची झोप झाल्यावर लिहितो आहे.

मी ज्या तालुक्याच्या गावी शिकलो तिथे एक वाचनालय होतं. एका वेळी एक पुस्तक मिळे, सात दिवसांनी बदलायचं, उशीर झाला की दंड. कपाटांना हात लावायची सोय नव्हती. ग्रंथपाल काउंटरच्या आत, आम्ही बाहेर. नाव सांगायचं, ते आत जाऊन आणायचे. पुष्कळदा भलतंच आणायचे. "ते बाहेर गेलंय, हे ने." माझ्या आयुष्यातली निम्मी चांगली पुस्तकं या "हे ने" मधून आली. मागितलेलं मिळालं असतं तर मी जन्मभर रहस्यकथाच वाचत बसलो असतो.

आणि वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागद. मसाला डब्यात ओतला की आई कागद माझ्याकडे द्यायची. त्यावर कुठल्या तरी मासिकाची अर्धी गोष्ट. सुरुवात नाही, शेवट नाही. एका कागदावर एक माणूस विहिरीत उतरत होता, पान तिथेच संपलं. मी पासष्ट पार केली, तो अजून उतरतोच आहे.

कावळा_उवाच | १६:२४

पुडी आली. धागा आता अधिकृत झाला.

जुनी_पेन्शन | १६:३१

कावळोबा, हसा. पण धागाकर्त्यांचं दुखणं नेमकं तेच आहे. त्यांना विहिरीचा तळ चाळीस सेकंदांत दिसला.

मी_पुणेरी_नाही | १६:४०

वाचनालयातल्या रहस्यकथांवरून आठवलं. आमच्या इथे एक अज्ञात इसम प्रत्येक रहस्यकथेच्या ११ व्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचा: "खुनी डॉक्टर आहे." दर पुस्तकात, ठरवून ११ व्याच पानावर. मी इतका चिडायचो की आधी ११ वं पान बघायचो आणि मग पुस्तक घ्यायचो नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एक नाईलाजानं वाचलं. खुनी डॉक्टर नव्हताच. मग मागची सगळी काढून वाचली. एकाही पुस्तकात डॉक्टर खुनी नव्हता. एकात तर डॉक्टरचाच खून झाला होता.

त्या माणसानं मला एका पावसाळ्यात चौदा पुस्तकं वाचायला लावली. आता बोला, हे कुतूहल की सवय?

दोन_शिट्ट्या | १६:४८

तो माणूस ग्रंथपाल असणार, लिहून घ्या.

घटका_पळे | १८:१५

धागाकर्त्यांच्या मुलीचा प्रश्न इथे कोणाला महत्त्वाचा वाटलेला दिसत नाही, म्हणून लिहितो.

आपले बहुतेक सण तिथीवर, म्हणजे चंद्रावर चालतात. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, तिथे चंद्राचा संबंध नाही. इंग्रजी कॅलेंडरही सूर्याचंच, म्हणून दोघांचं जवळपास जमतं. १४ की १५ हा खेळ लीप वर्षाचा. वर्ष असतं ३६५ दिवस आणि वर सुमारे सहा तासांचं. त्यामुळे हा प्रवेश दर वर्षी सहा तासांनी पुढे सरकतो, आणि २९ फेब्रुवारी आला की पुन्हा मागे येतो. २०२४ ला तो मध्यरात्र उलटून गेल्यावर झाला, म्हणून १५. यंदा १४ च्या दुपारी झाला.

पण याच्या खाली आणखी एक हळू सरकणारी गोष्ट आहे. राशी ताऱ्यांवरून मोजतात, कॅलेंडर ऋतूंवरून. या दोन वर्षांच्या लांबीत साधारण वीस मिनिटांचा फरक. तो साठत जाऊन सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस होतो. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची तारीख आहे १२ जानेवारी १८६३. आपल्या नातवंडांच्या नातवंडांना संक्रांत १६ ला दिसेल.

आता वाचनाबद्दल. हे शोधताना मी शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या भारतीय ज्योतिषशास्त्रावरच्या ग्रंथाशी पोचलो. १८९६ चा ग्रंथ. पहिल्यांदा उघडला तेव्हा पाचव्या पानावर झोप लागली. वर्षभरानं एक नेमका प्रश्न घेऊन गेलो, तर पहाटे दोनपर्यंत जागा होतो. ग्रंथ तोच. अभियंतासाहेबांच्या रोजच्या २० पानांनी मी तो जन्मात पुरा केला नसता.

मुलीसाठी पुढचा प्रश्न: सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. मग आपण जानेवारीतल्या संक्रांतीला उत्तरायणाशी का जोडतो? उत्तर वरच्याच मजकुरात आहे. मी सांगणार नाही.

सड्यावरची_बाय | १८:४४

१४ काय नि १५ काय! आमच्याकडे टिळक पंचांग. आमची संक्रांत १० जानेवारीलाच झाली.

शाळेत असताना मी चार दिवस आधी तिळगूळ नेला की वर्ग हसायचा. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "हसू दे, ते चुकतात." एवढ्यावर माझं समाधान होईना. आठवीत असताना पंचांगाची मागची पानं वाचायला घेतली. जी कोणी वाचत नाही ना, ती. भांडण राशिचक्राची सुरुवात कुठल्या बिंदूपासून धरायची याचं आहे. आमचं पंचांग रेवतीच्या ताऱ्यावरून मोजतं, बाकीची बहुतेक चित्रेवरून. मध्ये सुमारे चार अंशांचा फरक, आणि सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो. म्हणून चार दिवस. आजोबा बरोबर की वर्ग बरोबर, यावर मी अजून वाचतेच आहे. वय सांगत नाही.

घटका_पळे | १८:५०

ताई, साष्टांग. अयनांशावर, म्हणजे या सुरुवातीच्या बिंदूच्या भांडणावर, बोलू या का सविस्तर?

संपादक मंडळ | १८:५५

पंचांगाची चर्चा कृपया स्वतंत्र धाग्यावर करावी. मूळ विषय वाचनाचा आहे.

कावळा_उवाच | १८:५६

कुतूहलाच्या धाग्यावर कुतूहलाला मज्जाव. एक तिळगूळ संपादकांना पण द्या, गोड बोलतील.

पऱ्हाटीवाला | २१:१०

मी काही वाचणारा माणूस नव्हतो. बारावीनंतर शेती. वाचायचं म्हणजे औषधाच्या डब्यावरचं, तेही अर्धं.

२०१७ साली आमच्याकडे गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. वरून बोंड ठणठणीत, फोडलं की आत अळी. फवारून फवारून थकलो. कृषी विज्ञान केंद्राच्या लोकांनी एक पत्रक दिलं होतं, ते मी रागारागात घडी करून खिशात ठेवलं. रात्री झोप येईना म्हणून वाचलं. त्यात लिहिलं होतं, अळी बोंडात शिरली की भोक बुजून जातं, औषध आत पोचत नाही. म्हणजे मी महिनाभर बोंडाच्या सालीवर पैसे शिंपडत होतो.

मग प्रश्नांची रांगच लागली. डोमकळी अशी का होते? अळी फुलात राहून पाकळ्या आतून शिवते म्हणून. कामगंध सापळ्यात नर पतंगच का येतात? मादीच्या वासाची नक्कल असते म्हणून. फरदड घेऊ नका म्हणतात ते का? कापूस उभा ठेवला तर अळी तिथंच झोपून राहते आणि पुढच्या हंगामाला उठते. बाप म्हणे, "पुस्तक वाचून अळी मरते का बे?" मी म्हटलं मरत नाही, पण कधी झोपते ते तरी समजते.

नंतर तालुक्याच्या वाचनालयात नाव घातलं. किड्यांचं जे असेल ते वाचलं. मुंग्या झाल्या, मधमाशा झाल्या, आता कोळी चालू हाय (कोळी कीटक नाही, पाय आठ असतात, हेही तिथंच समजलं). दिवसाचं ठरलेलं काही नाही. पेरणीत पंधरा दिवस पानसुद्धा उलटत नाही. पण ओलीत करताना मोटर चालू असते, बांधावर बसायचंच असते. लाईट रात्रीची असली तर डोक्याला बॅटरी.

अक्कलखातेभाऊ, नाही वाचलं तर काय बिघडते ते तुमच्याबद्दल मी सांगू शकत नाही. माझ्या पाच एकरात काय बिघडलं ते सांगितलं.

अक्कलखाते | २१:२२

मान्य. शब्द मागे नाही घेत, पण गप्प बसतो.

जुनी_पेन्शन | २१:३०

पऱ्हाटीवाले भाऊ, वाचनखूण साठवली. मास्तर होतो म्हणून सांगतो, वर्गात एवढं नेमकं मला कधी शिकवता आलं नाही.

निबची_शाई | रवि, १८ जानेवारी, ८:१५

सगळं वाचलं. एक मुद्दा राहिला. हल्ली लोक ऑडिओबुक ऐकतात आणि "वाचलं" म्हणतात. ते वाचन नव्हे. ते कथाकथन. डोळे अक्षरांवरून फिरले पाहिजेत, तरच मेंदू काम करतो.

ऐकीव_माहिती | ९:०२

माझे डोळे कशावरूनच फिरत नाहीत, जन्मापासून. तेव्हा तुमच्या व्याख्येप्रमाणे मी आजवर एकही पुस्तक वाचलेलं नाही. हा धागासुद्धा मी वाचलेला नाही, तरी उत्तर देतोय, बघा कसं जमलंय.

ब्रेल शाळेत शिकलो. बोटांनी वाचण्याची मजा वेगळीच, पण एक जाड कादंबरी ब्रेलमध्ये कित्येक खंडांची होते, ती पिशवीत घेऊन लोकल पकडून दाखवा. कॉलेजात स्क्रीन रीडर मिळाला. एनव्हीडीए नावाचा, फुकट. आवाज यंत्राचा, मी तो इतक्या वेगानं लावतो की आईला वाटतं मिक्सरमध्ये कोणीतरी बोलतंय.

अडचण वेळेची नाही, पुस्तक हाती लागण्याची आहे. स्कॅन करून पीडीएफ केलेलं पुस्तक म्हणजे माझ्यासाठी फोटोंचा अल्बम. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधली फाईल मिळाली तर यंत्र अगदी मन लावून कचरा वाचून दाखवतं. ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारं तंत्र) करून घ्यावं तर घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल. एका कथेत नायिका खिडकीत उभी राहून 'धन दाटून आलं' म्हणून रडायला लागली. दोन पानं मी समजत होतो की घरात पैसा आलाय आणि हिला तो नकोय.

तर कुतूहल आणि सवय या दोन्हींच्या आधी एक पायरी असते. पुस्तक समोर येणं. ती पायरी तुम्हाला दिसत नाही कारण तुम्ही तिच्यावरच उभे आहात.

निबची_शाई | ९:२०

चुकलं. माझं विधान बावळटपणाचं होतं, मागे घेतो. भाजी चिरत अर्ध्या लक्षानं ऐकणाऱ्यांबद्दल मात्र मत कायम आहे.

दोन_शिट्ट्या | ९:२६

भाजी चिरताना अर्धं लक्ष देऊन बघितलंय का कधी? बोट जातं.

मिनियापोलिसकर | ९:५०

इकडे शनिवारची रात्र, बाहेर उणे पंधरा, त्यामुळे वाचन आपोआप होतं. ऐकीव_माहितींचा मुद्दा वेगळ्या कारणानं पटला. इथल्या वाचनालयात काय हवं ते मिळतं, मराठी सोडून. भारतातून येताना बॅग २३ किलोची. त्यात पुस्तकं नऊ किलो, भाजणी आणि मेतकूट पाच, उरलेल्यात सासूबाईंचा आग्रह. पुस्तकं वजनावर निवडायची वेळ आली की आपल्याला नक्की काय वाचायचंय ते फार लवकर कळतं. तीन वर्षं एक जाडजूड कादंबरी आणायची म्हणतोय, दर वेळी लोणचं जिंकतं.

कोशकीटक | १०:३०

माझी पद्धत सांगतो, कोणाला वेडेपणा वाटेल. सकाळच्या चहाबरोबर शब्दकोशाचं एक पान. मोल्सवर्थचा १८५७ चा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, पण मी छापीलच घेतो, कारण छापील कोशात हव्या त्या शब्दापर्यंत जाताना नको असलेले वीस शब्द वाटेत भेटतात. जुनी_पेन्शन काकांचा "हे ने" तो हाच.

एकदा गवंडी घरी काम करत होता, 'घमेलं' म्हणाला. हा शब्द कुठला? पोर्तुगीज निघाला. मग पगार पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, बटाटा तर पोर्तुगीज आहेच. तिथून वसई, तिथून गोवा, तिथून सोळाव्या शतकातला समुद्री व्यापार. घराचं प्लास्टर तीन आठवड्यांत झालं, माझं घमेलं अजून भरतंय.

म्हणजे पान उघडायची सवय नसती तर कुतूहलाला बसायला जागा नसती. अभियंतासाहेब पन्नास टक्के बरोबर आहेत.

अडाणी_अभियंता | १०:४१

पन्नास टक्क्यांबद्दल आभार. खरं सांगू का? काल रात्री एक्सेल उघडून बघितलं. ३१ पुस्तकांपैकी अकरा मला नावावरून आठवत नाहीत. म्हणजे विषयच आठवत नाही. २० पानं मोजत होतो, बाकी काय करत होतो कोण जाणे.

शीट बंद करणार नाही, ते जमणार नाही. एक रकाना वाढवलाय: 'यातून काय विचारावंसं वाटलं'. कालपासून आतापर्यंत रिकामा आहे.

खिडकीपाशी | ११:१५

काय धागा झालाय! सगळ्यांना वेगळं उत्तर देत नाही, संपादक ओरडतील. मुलीला घटका_पळे यांचा डिसेंबरचा प्रश्न दिलाय. ती सड्यावरची_बाय यांच्या १० तारखेवर जास्त खूश आहे. पुढच्या वर्षी दोन संक्रांती करायचं ठरलंय.

माझ्यापुरतं एवढं उमगलं की मला जागा हवी आहे. घरात खुर्ची आहे, दिवा आहे, पण त्या खुर्चीतून चार्जर दिसतो. लोकलमध्ये उठून जाता यायचं नाही, तीच तिची गंमत होती.

कावळा_उवाच | ११:१८

मग जा की लोकलनं. रविवारी रिटर्न तिकीट काढा, कसाऱ्याला जा, वाचत परत या. काम काही नाही, बॉस नाही, आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक. पुस्तक संपल्याशिवाय घरी पोचणारच नाही.

दोन_शिट्ट्या | ११:२०

कावळा पहिल्यांदा कामाचं बोलला.

खिडकीपाशी | रवि, २५ जानेवारी, २१:४०

मंडळी, आज गेलो. मी आणि मुलगी. बायको म्हणाली, "दोघं वेडे आहात, पोळीचा डबा घेऊन जा."

डोंबिवलीहून कसारा लोकल, दोन खिडक्या समोरासमोर. फोन पिशवीत डब्याच्या खाली. सुरुवातीला हात आपोआप खिशाकडे जात होता. टिटवाळा सुटल्यावर थांबला. मुलीनं आणलेलं पुस्तक आसनगावपर्यंत वाचलं आणि मग बाहेरच बघत बसली, मी काही बोललो नाही.

कसाऱ्याला उतरून फलाटावर पोळी खाल्ली. समोर एक लांब पल्ल्याची गाडी थांबली होती, नाशिककडे जाणारी. तिला मागून आणखी इंजिनं जोडत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, इंजिन पुढे आहे ना? मग मागे कशाला?" मला साधारण माहीत होतं. आणि फोनमध्ये तर नक्कीच होतं. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" परतीच्या प्रवासात शहाडपर्यंत तिच्या तीन थिअऱ्या झाल्या. एक अशी की मागचं इंजिन झोपलेलं असतं आणि पुढचं दमलं की ते उठतं. शनिवारी वाचनालयात जायचं ठरलंय. माझं कार्ड २०२० पासून बंद आहे, अनामत भरून चालू करावं लागेल.

रुळावर_गाडी | २१:५२

अहो, सोपं आहे! त्यांना बँकर म्हणतात. कसारा ते इगतपुरी थळ घाटाचा चढ आहे १:३७, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर वर. आता मागून जोर का लावायचा, पुढेच दुसरं इंजिन का नाही, तर दोन डब्यांना जोडणारी जी

[प्रतिसादाचा उरलेला भाग धागाकर्त्याच्या मुलीसाठी शनिवारपर्यंत झाकून ठेवला आहे. – संपादक मंडळ]

पऱ्हाटीवाला | २१:५८

संपादकभाऊ, जमलं.

मी_पुणेरी_नाही | २२:०१

अरे पण मला कळायला हवंय! जोडणारी जी काय?

कावळा_उवाच | २२:०२

खुनी मागचं इंजिन आहे. पान ११.

दोन_शिट्ट्या | २२:१०

सगळं सांगितलंत, तुमची पानं किती झाली ते राहिलं.

खिडकीपाशी | २२:१४

६४. त्यातली २० टिटवाळ्याच्या अलीकडे, सिग्नलला.